आप्पांचा डावा तळहात

आमचा वीरुपाक्ष हैदराबादेत डॉक्टरीच्या तिसऱ्या वर्षाला होता. सुटीत बोरीला आला की घरात नुसत्या येरझारा. जेवताना मांडी हलायची, बोलताना नजर दाराकडे. मी थोरली बहीण, त्याला भिंगरी म्हणायची.

त्या वैशाखात अंघोळ झाल्यावर, पूजेला बसायच्या आधी, आमचे वडील, आप्पा, माळ्यावरची समई काढायला गेले आणि स्टुलावरून पडले. डावा खांदा निखळला. आम्ही लिंगायत; डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन पूजा केल्याशिवाय आप्पा पाण्याचा थेंब घेत नसत, आणि आता तो हात छातीसमोर येईनाच.

निजामाच्या राज्यात डॉक्टरीही उर्दूतूनच. वीरुपाक्षानं उर्दू पुस्तक उघडलं, चित्र पाहिलं, हात ओढला. आप्पा कळवळले. परत पुस्तक, परत ओढणं. खांदा तसाच. परभणीचा दवाखाना बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर. दुपार झाली, आप्पांचे ओठ सुकले. मी पाण्याचा तांब्या घेऊन उगीच आत-बाहेर करत होते.

"आप्पा, आजच्या दिवस उजव्या हातावर घ्या की," वीरुपाक्ष म्हणाला.

आप्पांनी त्याच्याकडे नुसतं रोखून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "तुझी पूजा झाली का?"

कसली होतेय? त्याच्या गळ्यात लिंग होतं, पण बोर्डिंगात गेल्यापासून ते नुसतंच गळ्यात. सकाळी चहा मात्र पिऊन झालेला. मला असा राग आला त्याचा!

"आता पूजा करत बसू? वेळ जायलाय, आप्पा."

"बस. मी हाय हितंच."

तो चिडूनच बसला. हात इतका हलत होता की लिंगावरचं बेलाचं पान सारखं खाली पडायचं. लवकर आटप, असं ओरडावंसं वाटत होतं मला. शेवटी एक पान राहिलं. त्याची मांडीही हलायची थांबली.

पूजा आटोपून तो उठला नाही. तसाच सरकला आणि आप्पांचं कोपर हातात घेतलं. ओढलं नाही, नुसतं धरून बसला.

"ओढ की," मी म्हणाले.

"अक्का, ओढलं की दंड अजून ताठतो. थांब जरा. सैल व्हायलाय."

मग कोपर अंगालगत ठेवून त्यानं आप्पांचा हात सावकाश बाहेर वळवला. आप्पांचा श्वास अडला की थांबायचा, सुटला की पुढं. खट्ट आवाज झाला, खांदा जागेवर बसला आणि आप्पांनी डोळे मिटले.

आप्पांनी लिंग मागितलं. हात थरथरत होता, म्हणून वीरुपाक्षानं आपला तळहात त्यांच्या तळहाताखाली धरला. पूजा होईपर्यंत तो हलला नाही. आमची भिंगरी! मला रडूच आलं.

आप्पा तांब्याभर पाणी प्यायले. हात झोळीत बांधून वीरुपाक्ष उठायला लागला, तसे म्हणाले, "बस. आता या उजव्या खांद्यावर हात ठेव."

"तिथं बी दुखायलंय का?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. "ठेव नुसता."