लेडीज डावीकडे

फाटकावरच्या बाईने तिचं मनगट धरलं, त्यावरची लाल पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि तिच्यावरच एक पिवळी पट्टी चिकटवून टाकली.

"लेडीज डावीकडे."

"माझी लाल आहे. लाल म्हणजे स्टेजसमोर, उभं राहायचं."

"डावीकडे फॅमिली कक्ष आहे. खुर्च्या आहेत."

"मला बसायचं नाहीये."

बाईच्या अंगावर अंधारात चमकणारं जाकीट होतं आणि चेहऱ्यावर दुपारपासून तेच तेच बोलून आलेला कंटाळा. "मागच्या कार्यक्रमात पुढच्या गर्दीत पोरांनी मुलींना त्रास दिला. म्हणून हे. तुमच्याच काळजीपोटी आहे, ताई."

"त्रास पोरांनी दिला ना? मग पोरांना बसवा खुर्च्यांवर."

मागे रांगेत कुणीतरी हसलं. बाई हसली नाही. तिने पुढचं मनगट धरलं. ते दादाचं होतं. त्यावरही लाल पट्टी होती, बहिणीच्या पट्टीसोबत एकाच खिडकीवर घेतलेली. त्या पट्टीला कुणी काही चिकटवलं नाही.

"दादा, सांग ना हिला."

"काय सांगू? नियम आहे." त्याचे डोळे केव्हाच आत पोचले होते. "शिट्टी, उगाच तमाशा नको. आत्या आहे ना सोबत. मी व्हिडिओ काढतो तुझ्यासाठी."

आणि तो गेला. मागे वळूनसुद्धा न बघता, लाल मनगट उंच धरून, एखादी शर्यत जिंकल्यासारखा.

शिट्टी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. ते घरात पडलं होतं, आणि पडलं होतं ते एका गाण्यामुळे. गाण्याचं नाव 'भोंगा'. कारखान्याच्या भोंग्यावर रचलेलं. शेवटच्या कडव्यानंतर गायक शब्द सोडून देतो आणि नुसता सूर लावतो. तळातून निघून चढत जाणारा, वर पोचला की तिथेच खिळ्यासारखा ठोकून बसणारा. त्या एका सुरापायी त्या गायकाला सगळे भोंगेवाला म्हणत. तो सूर ती न्हाणीघरात रोज लावायची. शेजारी भिंतीवर थाप मारायचे. दादा बाहेरून ओरडायचा, "कुकर झाला, गॅस बंद करा."

दादाचा स्वतःचा ग्रुप होता. तो, त्याचे दोन मित्र आणि एक उसना ड्रम. पुढच्या महिन्यात कॉलेजच्या हॉलमध्ये ते 'भोंगा' वाजवणार होते आणि त्यांच्यातल्या एकालाही तो सूर लागत नव्हता. "मी म्हणते," असं ती एकदा जेवताना म्हणाली, तर दादाने हातातला घास ताटात ठेवला. "त्याला पुरुषाची छाती लागते. तुझी शिट्टी आहे. वर जातेस, पण दम कुठेय? टिकत नाही."

शेवटचे दोन शब्द खरे होते आणि तेच तिला सलत होते. सूर वर जायचा, अगदी मांजर भिंतीवर चढावं तसा सहज. पण टोकाला पोचला की थरथरायचा आणि तुटायचा. कुठेतरी श्वास चुकत होता. भोंगेवाला श्वास कुठे घेतो ते रेकॉर्डिंगमध्ये कितीही कान लावले तरी ऐकू येत नव्हतं. ते डोळ्यांनीच बघायला हवं होतं. गळा, खांदे, पोट. म्हणून लाल पट्टी. म्हणून वाढदिवसाला दुसरं काही नको, जुनी फाटकी बॅगही चालेल, असं सगळ्यांना सांगून ठेवलेलं. आणि आता डावीकडे.

फॅमिली कक्ष म्हणजे स्टेजच्या कुशीतला, लोखंडी सांगाड्यामागचा दोरीने वेढलेला तुकडा. रांग मोडू नये म्हणून प्लास्टिकच्या खुर्च्यांचे पाय एकमेकींना सुतळीने बांधलेले. एकीने अंग हलवलं की अख्खी रांग डुलायची. समोर स्पीकरची भिंत. भिंतीच्या कडेने ड्रमवाल्याचं एक कोपर दिसत होतं, बस. तिच्या शेजारी कॉलेजच्या दोघी बसल्या होत्या. त्यांनी गालांवर विजा रंगवून आणल्या होत्या आणि आता त्या रुमालाने पुसत होत्या. पलीकडे मांडीवर पेंगणारं पोर घेऊन एक बाई होती. सगळ्यांच्याच पिवळ्या पट्टीखालून लाल कड डोकावत होती.

"इथून त्याची पाठ दिसेल," शिट्टी म्हणाली. "एवढं करून मी पाठ बघायला आले."

"पाठीवरूनसुद्धा माणूस कळतो," आत्या म्हणाली. आत्याचं पार्लर होतं. "माझ्याकडे सगळ्या पाठमोऱ्याच बसतात." तिने कानात कापूस घातला, बिस्किटांचा पुडा फोडला आणि रांगेत फिरवला.

दिवे गेले. पलीकडे, जिकडे त्यांना जाता आलं नव्हतं तिकडे, हजार गळ्यांची आरोळी उठली. ड्रम आधी खुर्चीतून आला आणि मग कानातून. गाण्यामागून गाणी झाली. भोंगेवाला मध्येच दोन पावलं मागे सरकायचा तेव्हा तो दिसायचा, घामाने ओला शर्ट आणि खांद्यावर रुळणारे केस.

"रंगवलेत," आत्या तिच्या कानाशी येऊन म्हणाली. "मुळाशी दोन बोटं पांढरे आहेत."

शिट्टीला हसू आलं आणि हसू आल्याचाही राग आला. तिने मनगटावरची पिवळी पट्टी नखाने खरवडायला घेतली. ती निघेना. लालसकट फाटायला लागली तेव्हा तिने हात आवरला.

"ती कोण गं?" आत्याने विचारलं.

स्पीकरच्या भिंतीमागे काळा पडदा होता. पुढच्या लोकांना तो भिंतीसारखाच वाटत असणार. पण इकडून, कडेने बघितलं की पडद्यामागची अरुंद जागा सरळ दिसत होती. तिथे एका उलट्या खोक्यावर एक बाई बसली होती. आईच्या वयाची. अंगात पूर्ण बाह्यांचा काळा शर्ट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. ती केळं खात होती. तिच्यासमोर दांडीवर एक माईक होता.

"त्याची बायको असेल," आत्या म्हणाली. "डबा घेऊन आली असेल."

"माईक कशाला मग डब्याला?"

गिटारचे ते तीन सूर वाजले आणि पलीकडची गर्दी वेडी झाली. 'भोंगा'. शिट्टी उभी राहिली. मान जेवढी लांब करता येईल तेवढी केली, पण भोंगेवाला नेमका पुढे गेला होता, कठड्यापाशी, दादाच्या वगैरे नाकासमोर. ऐकू मात्र येत होतं. फाटक उघड, फाटक उघड, दिवस संपला रे. शब्द तोच म्हणत होता, आणि छानच म्हणत होता.

पडद्यामागच्या बाईने केळ्याचं साल कागदात गुंडाळून ठेवलं. ती उठली. तिने चपला काढल्या, डावा हात लोखंडी खांबावर ठेवला आणि गुडघे सैल सोडले, जणू आता खाली बसणार आहे. शेवटचं कडवं संपत आलं. बाईने श्वास घेतला. खांदे जागचे हलले नाहीत, पोट तेवढं शर्टात फुगलं. मग ती क्षणभर थांबली, आणि त्या भरलेल्या श्वासावर तिने आणखी एक छोटा श्वास घेतला, गरम चहाचा घोट घ्यावा तसा.

भोंगेवाला मागे सरकला. आता तो पूर्ण दिसत होता. त्याने माईक ओठांना लावला, मान मागे टाकली, हात पसरले आणि तोंड उघडलं.

सूर पडद्यामागून निघाला.

तळातून चढत चढत वर गेला आणि तिथे ठोकून बसला. बाईच्या मानेवरची शीर तटतटून उभी होती. भोंगेवाल्याची मान गुळगुळीत होती. गर्दी त्याच्याकडे हात उंचावून ओरडत होती.

मग सूर उतरला. भोंगेवाल्याने माईक खाली केला आणि धापा टाकल्या. बाईने चपला घातल्या, चष्म्याची काच शर्टाला पुसली आणि ती खोक्यावर बसली.

पोरवाल्या बाईने पोर या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

"म्हणजे इतकी वर्षं," कॉलेजची एक म्हणाली आणि थांबली.

"आणि पोस्टरवर कोण? हा," दुसरी म्हणाली.

शिट्टीचे कान तापले होते. पुरुषाची छाती. न्हाणीघरातल्या सगळ्या सकाळी, भिंतीवरच्या थापा, आवाज जाड करायला गरम पाण्याने केलेल्या गुळण्या. आपला आवाज चुकीचा आहे असं धरून चालून ती तो दुरुस्त करायला बसली होती. आणि तो सूर पहिल्यापासून असल्याच आवाजाचा होता. पडद्यामागे ठेवलेल्या.

तिकडे 'पुन्हा, पुन्हा' सुरू झालं. भोंगेवाल्याने छातीवर हात ठेवून मान झुकवली.

"पुन्हा म्हणणार म्हणजे तिलाच म्हणावं लागणार," आत्या म्हणाली. तिने कानातला कापूस काढून पर्समध्ये टाकला. "उठा गं सगळ्या. एकदम. एकटी उठली तर दुसरी पडेल."

बांधलेल्या खुर्च्या एकेकट्या वळत नव्हत्या. अख्खी रांग उचलावी लागली, पोरासकट. ओढत, ठेचकाळत, "तुझा पाय, तुझा पाय" करत त्यांनी ती स्टेजकडून वळवली आणि पडद्याच्या फटीसमोर नेऊन मांडली. मागच्या रांगेने पाहिलं आणि तीही वळली.

चमकत्या जाकिटातली बाई पळत आली. "खुर्च्या हलवायच्या नाहीत. समोर बघून बसा."

"समोरच बघतोय," आत्या म्हणाली.

जाकीटवालीने त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. मग तीही तिथेच उभी राहिली.

पडद्यामागच्या बाईला आधी काही कळेना. तिने मागे कुणी आहे का ते वळून पाहिलं. मग चष्मा डोळ्यांवर चढवला, त्या रांगांवरून नजर फिरवली, आणि शर्टाची कॉलर उगाचच नीट केली. तिने चपला काढल्या. खांबावर हात ठेवला. या वेळी तिचं तोंड फटीकडे होतं.

कार्यक्रम सुटल्यावर बसथांब्यावर अर्धी गर्दी पुन्हा भेटली. आत्या बाकावर बसली. दादाचा घसा बसला होता आणि त्याला त्याचाच अभिमान होता.

"पाहिलंस ना? ह्याला म्हणतात छाती."

"त्याने श्वास कुठे घेतला?"

"श्वास?" दादा खर्जात हसला. "घेतलाच नाही. अगदी समोर होतो मी. तेच तर ना."

"तो गातच नव्हता, दादा. पडद्यामागे एक बाई होती."

"हो का. तुला पिवळ्या पट्टीतून बरं दिसलं."

"पिवळीतूनच दिसत होतं."

"जळतेस." त्याने फोन पुढे केला. स्क्रीनवर भोंगेवाला मान टाकून, हात पसरून, तोंड उघडून उभा होता. "हे काय खोटं आहे? व्हिडिओ आहे."

तिने पाहिलं. गुळगुळीत मान पाहिली. फोन परत दिला.

थांब्यावर कुणीतरी बाकावर ताल धरला आणि गाणं सुरू झालं. एकाचे दोन, दोनाचे दहा. फाटक उघड, फाटक उघड. दादा पुढे, घोळक्याच्या मधोमध. शिट्टी त्याच्या मागे, थांब्याच्या खांबाजवळ. शेवटचं कडवं आलं आणि सगळे हसायला लागले, कारण पुढचं कुणालाच जमणार नव्हतं. दादाने मात्र हात पसरले, मान मागे टाकली आणि तोंड उघडलं. त्याच्या घशातून नुसती हवा आली.

तिने चपला काढल्या. फरशी गार होती. खांबावर हात, गुडघे सैल. एक श्वास. त्यावर एक घोट.

सूर गेला. टोकाला पोचला आणि तुटला नाही.

थांब्यावरचं हसणं थांबलं. सूर उतरला तेव्हा टाळ्या पडल्या, आणि एका अनोळखी माणसाने दादाच्या पाठीवर जोरात थाप मारली. "काय लावलास रे आवाज! आतड्यातून आला."

दादाचं तोंड अजून उघडंच होतं. त्याने ते मिटलं. आजूबाजूला पाहिलं. मागे पाहिलं नाही. मग त्याने मान किंचित झुकवली, भोंगेवाल्याने झुकवली होती तशी.

आत्या बाकावरून उठायला लागली. शिट्टीने तिला हातानेच थांबवलं.

ती घोळक्यातून पुढे आली, अनवाणीच. दादाच्या बाजूने नाही, त्याच्या पुढे, दिव्याखाली, जिथे सगळ्यांना तिची मान दिसेल. त्याच्याकडे तिची पाठ होती.

"शेवटचं कडवं," ती बाकावर ताल धरणाऱ्याला म्हणाली. "परत धर."