सत्तावीस नंबरचा क्रॉस

हेनिंग बोल्टे पोस्टातून निवृत्त झाले आणि त्यांनी घराची मागची खोली कागदांनी भरून टाकली. पहिल्या महायुद्धात त्यांच्या टीचभर संस्थानाच्या राजाने शौर्यासाठी चांदीचा एक क्रॉस काढला होता. मागच्या बाजूला नंबर ठोकलेला. जेमतेम साठ-सत्तर शिपायांना तो मिळाला असेल. मग युद्धात हार झाली, राजाची गादी गेली, दुसऱ्या युद्धात दप्तरही जळालं. कुठला नंबर कोणाच्या छातीवर होता, हे सांगायला उरली ती एका कारकुनाने केलेली मूळ यादीची नक्कल. बारा वर्षं बोल्टे ती यादी आणि माणसं जुळवत होते. एकेचाळीस सापडली होती.

शहाण्णवच्या मार्चमध्ये गेझिना वेमायर नावाच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, गुरांच्या डॉक्टरकडे कामाला. त्यांनी चष्म्याच्या डबीतून क्रॉस काढून टेबलावर ठेवला.

"माझ्या आजोबांचा. आईचे वडील, आउगुस्ट रीके. गावच्या संग्रहालयाला द्यायचाय, पण ते म्हणतात, आधी नाव पक्कं करून आणा."

बोल्टेंनी भिंग लावलं. सत्तावीस. यादीत बोट फिरवलं आणि कपाळाला आठ्या पडल्या. "इथं रीके नाही हो. श्टुकमायर आहे."

बाई हसल्या. "अहो, मग तेच! आमच्या शेतीवाडीचं नाव श्टुकमायर. त्या घरात जो नांदेल त्याला गाव श्टुकमायरच म्हणतं. माझं लग्न होऊन तीस वर्षं झाली, तरी पाववाला मला श्टुकमायरीणच म्हणतो."

ही रीत बोल्टेंनाही ठाऊक होती. पण गाव म्हणेल ते पलटण कशाला लिहील? शिवाय यादीत 'के. श्टुकमायर' होतं. आउगुस्टमध्ये 'के' कुठून आला? नकलेत चूक झाली म्हणावं, तर कारकुनाच्या बाकीच्या नोंदी चोख निघाल्या होत्या. आणि बाईंनी आणलेल्या एकोणीसशे सत्तावीस सालच्या फोटोत आउगुस्ट रीके गावच्या नेमबाजीच्या जत्रेत उभा होता, कोटावर हाच क्रॉस लावून. चेहरा मात्र असा, जणू जोडा चावतोय.

पुढच्या आठवड्यात बाईंनी आजोबांचं लष्करातल्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक शोधून आणलं. ते वाचून बोल्टेंचं डोकं आणखीच चक्रावलं.

"बाई, तुमचे आजोबा चारही वर्षं पाव भाजत होते. लष्कराच्या भट्टीवर. आघाडीपासून पंधरा-वीस किलोमीटर मागे."

"मग? पाव भाजणारा शूर नसतो?"

"असतो की. पण यादीत लिहिलंय, गोळीबारात नदीपलीकडून दोन जखमी उचलून आणले."

बाईंनी पुस्तक मिटून पिशवीत टाकलं. बोल्टेंना वाटलं, उगाच बोललो.

मग ते चर्चच्या कचेरीत जाऊन बसले. बाप्तिस्म्याच्या वहीत आउगुस्ट विल्हेल्म रीके, बस्स; 'के' कुठेच नाही. लग्नाच्या वहीत एकवीस साली आउगुस्ट रीके आणि मथिल्ड श्टुकमायर. तिच्या नावापुढे बारीक अक्षरात एक शब्द होता : विधवा. त्यांनी तिथूनच बाईंना फोन लावला.

"विधवा?" बाई म्हणाल्या. "कोणाची?"

"तुमच्या गावच्या युद्धस्मारकावर 'के'ने सुरू होणारा कोणी श्टुकमायर आहे का?"

"आहे ना. कोनराड. अठरा साली लढाईत पडला. आजीचा भाऊ तो." "निदान मी तसंच समजत होते. कोणी सांगितलं होतं असं नाही."

आता सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं. बाईंच्या आईची थोरली बहीण, लीशन मावशी, वय एकोणऐंशी, मुक्काम वृद्धाश्रम. रविवारी दोघं लोण्याचा केक घेऊन गेले. गेझिनाने भीतभीत नाव काढलं.

"कोनराड? तो माझा बाप," मावशी म्हणाली आणि केकचा तुकडा मोडला. "मी दीड वर्षाची होते, तेव्हा गेला. तुझी आई दुसऱ्या नवऱ्याची, आउगुस्टची. आमच्या आईने शपथ घातली होती, धाकटीला कळता कामा नये. दोघींत दुजाभाव नको."

"म्हणजे आजोबांनी दुसऱ्याचा क्रॉस मिरवला?"

"मिरवला? तोंड सांभाळून बोल, कार्टे! आई लावायची त्याच्या कोटाला. तो बिचारा हात जोडायचा, मथिल्ड, मी पाव भाजलेत गं. आई म्हणायची, या घरच्या पुरुषाच्या छातीवर तो दिसलाच पाहिजे. पेटीत ठेवला तर कोनराड खरंच मेला असं होईल."

बोल्टेंनी वही काढली होती, पण लिहायचं काय ते कळेना.

"आणि जत्रेच्या दिवशी सकाळी तो आधी माझ्याकडे यायचा," मावशी म्हणाली. "मी आठ-नऊ वर्षांची. टोपी काढून विचारायचा, लीशन, लावू का आज? मी हो म्हणायचे. एका वर्षी नाही म्हटलं."

"का?"

"काय माहीत. पोरबुद्धी. तो तापाचं सोंग घेऊन दिवसभर अंथरुणात पडून राहिला. आईला शेवटपर्यंत कळलं नाही."

गेझिनाने डोळे पुसले. रागावावं की रडावं, तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. "मावशी, संग्रहालयात कोणाचं नाव लिहू?"

"बापाचं लिही."

"कुठल्या?"

मावशी चिडली. "मला काय विचारतेस? मला बाप म्हणून आठवतो तो एकच. त्याच्या हातांना खमिराचा वास यायचा." मग कॉफी संपवून म्हणाली, "पण त्याचं लिहू नकोस. त्याला लाज वाटेल."

बोल्टेंनी घरी येऊन सत्तावीस नंबरापुढे लिहिलं : कोनराड श्टुकमायर. नोंद बिनचूक होती. एरवी असं नाव सापडलं की ते दिवसभर शीळ घालत फिरत. बायकोने विचारलं, "सापडला ना? मग तोंड का असं?" त्यांनी वही मिटून फळीवर ठेवली.

तीन आठवड्यांनी गेझिनाचा फोन आला. क्रॉस तिने मावशीला देऊन टाकला होता. मावशीने तो रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

"संग्रहालयवाले रोज विचारतात," गेझिना म्हणाली. "त्यांना काय सांगू?"

"सांगा, क्रॉसचे मालक सापडले."

"सापडले म्हणजे एक की दोन?"

"तेवढं मला नाही सांगता येत, बाई," बोल्टे म्हणाले.