चन्नप्पाचे चार सेल

"लागला का?" हेडक्लार्क आबासाहेबांनी शाळेच्या खिडकीतून विचारलं. "जीप वळली बघ पुलावरनं."

"लागला की आबासाहेब," चन्नप्पा म्हणाला. चौथा सेल बसवून त्याने रेडिओचं मागचं झाकण लावलं आणि रिकामी पिशवी सदऱ्यात कोंबली.

तीन वर्षांपूर्वी सरकारने सोलापूरकडच्या चाळीस शाळांना रेडिओ दिले होते. पोरांनी पुणे केंद्रावरचे पाठ ऐकावेत म्हणून. सोबत सेलही आले, पण एकदाच. ते संपले आणि पुढच्या सेलची तरतूद करायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. मग आबासाहेबांनी डोकं लढवलं. चाळीस रेडिओंना चार सेल पुरतात, फक्त ते तपासणीला येणाऱ्या साहेबाच्या आधी पोचले पाहिजेत. पोचवायचे कचेरीच्या शिपायाने, चन्नप्पाने, एसटीने. साहेब रेडिओ ऐकून 'चालू स्थितीत' असा शेरा मारत, आणि त्यांची पाठ फिरली की चन्नप्पा सेल काढून घेई. खरं तर तो शेरा चन्नप्पालाच मिळायला हवा होता.

मागच्या वर्षी बायको, कमलम्मा, गेली, तेव्हापासून त्याला कशाचं बरंवाईट वाटेनासं झालं होतं. सांगितलं की जायचं, सुनेनं वाढलं की जेवायचं. निवृत्तीला सात महिने उरले होते. या सेलांचं प्रकरण उघडं पडलं तर पेन्शन अडकेल हे त्याला ठाऊक होतं, पण तेही दुसऱ्या कुणाचं असावं तसं.

पुण्याचे साहेब आले, खुर्चीत बसले. मास्तरांनी बटण फिरवलं. मुलांच्या पत्रांचा कार्यक्रम चालू होता.

"हे पत्र आलंय कुंभारीपलीकडच्या एका वस्तीशाळेतून," रेडिओतल्या बाई म्हणाल्या. "मुलं लिहितात, आमच्या शाळेत रेडिओ आहे. चन्नप्पाअज्जा सेल घेऊन येतात तेव्हाच तो बोलतो. साहेब गेले की अज्जा सेल घेऊन जातात. अज्जा आले की आम्हाला फार आनंद होतो. त्यांच्यासाठी एक गाणं लावा. आम्ही अकराजण आहोत, सगळ्यांची नावं वाचा."

आबासाहेबांच्या हातातला चहा बशीत सांडला. साहेब हळूहळू वळले.

चन्नप्पाला त्यातलं काही दिसलं नाही. आपण आलो की कुणाला आनंद होतो, हे एकोणसाठ वर्षांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कमलम्मानेही नाही. छातीत काहीतरी हललं आणि त्याला भीतीच वाटली.

बाई नावं वाचत होत्या. भीमा, सुंदरम्मा, ईरप्पा...

"बंद करा ते!" साहेब म्हणाले.

"जरा थांबा साहेब," चन्नप्पा म्हणाला. शिपाई साहेबाला थांबा म्हणतो हे त्या खोलीत कुणी ऐकलं नव्हतं. साहेबांनी स्वतः उठून बटण पिरगाळलं.

"चन्नप्पा म्हणजे तूच?"

"व्हय."

"कुणाच्या सांगण्यावरून चाललंय हे?"

चन्नप्पाने आबासाहेबांकडे पाहिलं. आबासाहेब खाली बघत म्हणाले, "मला तर आत्ताच कळतंय साहेब. नोकरी संपत आली की शिपाई असले धंदे करतात. सेल घरी नेत असणार."

मास्तर भिंतीकडे बघत उभे राहिले. चन्नप्पाला राग यायला हवा होता. आला नाही.

"उद्यापासून कामावर यायचं नाही," साहेब म्हणाले. "चौकशी होईल. पेन्शनचंही तेव्हाच बघू. तुझ्या बाजूनं काय सांगायचं असेल ते आत्ता सांग. मी लिहून घेतो."

त्यांनी पेन उघडलं. आबासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. चन्नप्पा बराच वेळ बोटं मोजत राहिला.

"धाच नावं झाली, साहेब," तो शेवटी म्हणाला. "तुमी बंद केलं तवा एक नाव ऱ्हायलं. मडिवाळप्पाची मायाक्का. लहान हाय, मागं बसती. तेवढं लिवा."