कोकोनट म्हणजे सातवो

शाळेत संगणक आला त्याला वर्ष व्हायचं होतं. सरकारी योजनेतून आलेलं ते यंत्र टीव्हीसारख्या पडद्याला जोडलेलं होतं. पुण्याला जाऊन त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या सुगंधा केळुसकर या शाळेतल्या एकट्याच. आठवीला इंग्रजी त्याच शिकवायच्या. मुलांना इंग्रजी शब्द यावेत म्हणून त्यांनी स्वतः खपून एक प्रोग्राम लिहिला होता. पडद्यावर मराठी शब्द यायचा, तोही इंग्रजी अक्षरांत, कारण यंत्राला देवनागरी येत नव्हती. मुलाने त्याचा इंग्रजी शब्द टाइप करायचा. बरोबर आला की यंत्र गोड वाजायचं.

या वाजण्यामुळे सेवरीना फर्नांडिस बदलली. वर्गात मान वर न करणारी, इंग्रजीत सतत नापास होणारी ही मुलगी पडद्यासमोर बसली की एकही शब्द चुकायची नाही. तिचे वडील सांतान रापणीवर, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला जायचे. चर्चमधून बाहेर पडताना ते भेटेल त्याला लेकीचं कौतुक सांगत. यंत्रावर इतर मुलांचे गुणही वाढले. मुख्याध्यापक परबांनी तसं वर कळवलं आणि शिक्षण खात्याचे साहेब शाळा बघायला येणार असं ठरलं.

साहेब यायच्या आदल्या आठवड्यात तासाच्या मध्येच वीज गेली. परत आल्यावर सुगंधाबाईंनी प्रोग्राम पुन्हा चढवला. पडदा अजून काळाच होता, तोच सेवरीनाची बोटं चालू लागली. आर, ए, आय, एन. मग पडद्यावर शब्द उमटला, PAUS. यंत्र गोड वाजलं.

बाई तिच्या खुर्चीपाशी आल्या.

"सेवरीना, कोकोनट म्हणजे काय गो?"

"सातवो," ती लगेच म्हणाली.

बाईंनी संगणक बंद करून चालू केला. पुन्हा पाऊस, मग होडी, मग मीठ. सातवा नारळ. शब्द उलटसुलट यावेत अशी सूचना त्यांनी लिहिली होती. पण यंत्र नव्याने चालू केलं की तो उलटसुलट क्रमही दर वेळी तोच असायचा. तो मोडायला प्रोग्राममध्ये आणखी एक ओळ हवी होती. ती ओळ बाईंना माहीत नव्हती असं नाही. राहून गेली होती.

त्यांनी परबांना सांगितलं. 

"ओळ घाला," ते म्हणाले, "पण साहेबांची गाडी गेल्यावर. हे यंत्र आपल्याकडे राहायला हवं, बाई. आपल्या मुलांना दुसरं काय मिळतं?"

ते वाईट मनाने बोलत नव्हते, हे बाईंना कळत होतं.

संध्याकाळी त्या सांतानच्या घरी गेल्या. सेवरीनाची आई फिलोमिना लेकीने साहेबांसमोर घालायचा नवा फ्रॉक शिवत होती. बाईंनी सगळं सांगितलं. लेकीकडे बघताना सांतानचा चेहरा उतरला.

"म्हणजे माझ्या चेडवाचो तुमी पोपट केलास?"

"चूक माझी आहे. तिची नाही."

दाराशी उभी असलेली सेवरीना हळूच म्हणाली, "माका म्हायत होता, बाई. पडद्याकडे मी बघूकच नाय. शिकूचा तसाच आसता असा माका वाटला. पाढेय तसेच पाठ केले ना?"

फिलोमिनाने मशीन थांबवलं. "आता तुमी काय करतालास?"

"आता ओळ घालते," बाई म्हणाल्या. "सेवरीना, साहेबांसमोर तुला बसायचं नसेल तर बसू नकोस."

"बसतंय," सेवरीना म्हणाली.

आठवडाभर शाळा सुटल्यावर दोघी बसल्या. शब्द आता कुठूनही यायचे. सेवरीना पडद्याकडे बघायची, ओठ हलवायची, अडायची. यंत्र गोड वाजण्यापेक्षा चूक दाखवणारा घोगरा आवाजच जास्त यायचा. तो आला की ती खांदे आत ओढून घ्यायची.

साहेब आले त्या दिवशी खोली गच्च भरली होती. सांतान मागे भिंतीला टेकून उभे होते. सेवरीना नव्या फ्रॉकमध्ये बसली. पहिला शब्द बरोबर आला, दुसरा चुकला, मग तिसराही. पुढच्या एका शब्दापाशी ती इतका वेळ थांबली की साहेबांनी घड्याळ बघितलं. वीसपैकी आठ.

"शंभर टक्के म्हणाला होतात ना?" साहेबांनी परबांना विचारलं.

"मुलगी घाबरली, साहेब," परब म्हणाले.

"नाही साहेब," सुगंधाबाई पुढे झाल्या. "आधीचे गुण खरे नव्हते. प्रोग्राम चुकीचा होता, तो मी लिहिला होता."

साहेबांनी मान डोलावली आणि चहाची चौकशी केली. सांतान लेकीसाठी न थांबता निघून गेले. त्या दिवसानंतर परब बाईंशी कामापुरतंच बोलू लागले. जूनमध्ये संगणक दुसऱ्या शाळेला गेला.

संगणक अजून शाळेतच असताना, वार्षिक परीक्षेच्या थोडे दिवस आधी वर्ग सुटल्यावर सेवरीना बाईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"बाई, ते आठ खरे होते मां?"

"खरे होते गो. आठही."

तिने मान हलवली, दप्तर उचललं आणि घरी गेली. संगणकाच्या खोलीकडे ती परत फिरकली नाही. परीक्षेत तिला इंग्रजीत पासापुरते गुण मिळाले. पेपर तपासताना बाईंनी ते दोनदा मोजून पाहिले.