सायकलस्वाराची वर्गणी

मी कवळ्या बनवतो. दातांचा डॉक्टर माप पाठवतो, मी प्लास्टरचा साचा ओततो आणि दिवसभर खुर्चीत बसून लोकांच्या दाढा घासतो. या खुर्चीने मला पोट दिलं, आणि बेचाळिसाव्या वर्षी पोटाने मला स्वप्न दिलं : समुद्रापर्यंत नऊशे किलोमीटर, सायकलवर, एकट्याने.

खर्चासाठी मी इंटरनेटवर एक पान उघडलं आणि लोकांना मदतीचं आवाहन केलं. त्यात ‘स्वतःचा शोध’ हे शब्द तीनदा होते.

“तुझ्या हौसेला लोकांनी का पैसे द्यायचे?” बायकोने विचारलं.

“याला लोकसहभाग म्हणतात.”

“आमच्याकडे वर्गणी म्हणायचे. आणि हा शोध लागला तर तिकडेच ठेव. घरात एक आहे तेवढा पुरे.”

तरी अडतीस जणांनी पैसे दिले. त्यातला एक मेहुणा होता, म्हणजे बायकोने दटावलेला. तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका, सगळ्यांच्या बाई, पाकीट घेऊन स्वतः वर आल्या.

“वाटेत ते नदीकाठचं गाव लागतं ना?” त्या म्हणाल्या. “तिथे माझी धाकटी बहीण असते. स्टेशनरीचं दुकान आहे. बारा वर्षं आम्ही बोललेलो नाही. आई गेली तेव्हा तिने मला उशिरा कळवलं. तिला नुसती बघून ये. माझं नाव काढू नकोस.”

पहिल्या दिवशी एकसष्ट किलोमीटर झाले. दुसऱ्या दिवशी चाळीस. तिसऱ्या दिवशी मला सीटवरच काय, उशीवरही बसवेना. लॉजच्या पलंगावर पालथा पडून मी पानावर लिहिलं, ‘शरीर हे मनाचं गुलाम असतं.’ खाली आईने लिहिलं, ‘टोपी घाल.’ बाईंनी लिहिलं, ‘गुलाम पुल्लिंगी. मनाचा.’ बाई माझी प्रत्येक ओळ तपासत होत्या. आवाहनातले तिन्ही विसर्गही त्यांनीच घालून दिले होते.

चौथ्या दिवशी उजवा गुडघा पपईएवढा झाला. मी लंगडत बसस्टँडवर गेलो. कंडक्टरने सायकल टपावर चढवायच्या आधी मी तिच्याशेजारी उभा राहून, मागे डोंगर येईल असा फोटो काढला आणि टाकला : ‘झेप सुरूच!’ बस सुटेपर्यंत बावीस जणांनी शाबासकी दिली. लाज वाटली, पण खिडकीची जागा मिळाली होती, त्यामुळे फार वेळ टिकली नाही.

नदीकाठच्या गावात उतरलो आणि दुकान शोधून काढलं. काउंटरमागे साठीची एक बारीक बाई झेरॉक्स काढत होती. तंग चड्डीत, घामेजलेल्या अंगाने मी तिच्याकडे एक पेन मागितलं.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुम्ही ते सायकलवाले ना? रोज वाचते मी तुम्हाला.”

माझी छाती फुगली. “माझं लिखाण आवडतं तुम्हाला?”

“नाही हो. खाली ताई काय लिहिते ते वाचते.” तिने पेन पुढे केलं. “आणि तुमचा तो डोंगर बसस्टँडमागचा आहे. मी दर महिन्याला माल आणायला तिथे उतरते.”

मला घाम होताच, त्यात आणखी फुटला. “बाईंना... त्यांना कळलं असेल का?”

“तिला कसलं कळतंय! ‘सुरूच’मधला रू दीर्घ लिहिलात म्हणून खूश असेल.” मग ती हसायची थांबली. “तिने पाठवलं तुम्हाला?”

नाव काढायचं नव्हतं. मी नुसता उभा राहिलो. तिला ते पुरलं.

तिने मला स्टूल दिलं. गुडघा बघितला, आतून बर्फ आणला. “आता खरं काय ते लिहा,” ती म्हणाली. “नाहीतर मी लिहीन.”

तिच्याच काउंटरवर बसून मी लिहिलं : पुढचा प्रवास होणार नाही. इथे बसने आलो. डोंगराचा फोटो खोटा होता. गुढगा गेला. ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी सांगावं.

तिने ते वाचलं, तिथेच उभ्याने आपल्या फोनवर काहीतरी टाइप केलं आणि फोन उपडा ठेवला. मी माझ्या फोनवर बघितलं. माझ्या कबुलीखाली तिची एकच ओळ होती : ‘ताई, गुडघा चुकलाय. लक्ष कुठे आहे तुझं?’

एक गिऱ्हाईक वही घेऊन गेलं. मग उत्तर आलं.

‘दिसलं होतं. तू बरी आहेस ना?’

तिने फोन उचलला आणि आत गेली. पुढचा पाऊण तास मी तिचं दुकान सांभाळलं. दोन पट्ट्या विकल्या आणि एका माणसाच्या कसल्याशा कार्डाची झेरॉक्स आडवी काढली. आतून आधी भांडण ऐकू आलं, मग रडणं, मग परत भांडण, पण या वेळी आईने आमटीत काय घालायचं सोडलं होतं यावरून.

अकरा जणांनी पैसे परत मागितले. मेहुणा पहिला.

दोन दिवसांनी मी बसने परत निघालो. शेजारी बाईंची बहीण होती, मांडीवर पिशवी घेऊन. पाच तास मी तिला माझ्या प्रवासाबद्दल सांगितलं. त्यातले साडेचार तास ती झोपली होती.

बाई फाटकाशी उभ्या होत्या. बहिणी एकमेकींसमोर आल्या.

“किती वाळलीस गं,” बाई म्हणाल्या.

“तू माझ्या वाटणीचं खाल्लंस ना,” धाकटी म्हणाली.

बाईंनी तिच्या हातातली पिशवी ओढून घेतली, दोघी आत गेल्या आणि दार लागलं. माझ्याकडे कुणी बघितलंच नाही. मी सायकल खांद्यावर घेतली आणि एकेक पायरी थांबत तिसऱ्या मजल्याकडे निघालो. वरून बायको कठड्यावर वाकून हसत होती, आणि मग पायात चपला सरकवून खाली यायला लागली.