वन्संची किडनी

"अहो वन्सं, त्यांच्या ताटात चटणी वाढू नका," विजयमाला स्वयंपाकघरातून म्हणाली. तोवर राहीबाईने भाकरीवर चटणीचा गोळा ठेवलाही होता.

"असू दे गं. आत माजंच हाय न्हवं? त्येला तिखटाची सवय हाय!"

हंबीरराव पोट धरून हसले. विजयमालेच्या बोलण्यावर ते असे कधी हसल्याचं तिला आठवेना. तिने चटणी बशीत काढून घेतली आणि बशी मोरीत जरा जोरातच आपटली.

साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात ती बारा वर्षं नर्स होती. चार वर्षांपूर्वी, त्र्याहत्तर साली, पाटबंधारे कचेरीत कारकून असलेल्या तिच्या नवऱ्याची, हंबीररावांची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. मिरजेला पोटात नळी घालून रक्त साफ करून झालं. मग डॉक्टरांनी वेल्लोरला पाठवलं. किडनी द्यायला आधी विजयमालाच पुढे झाली होती. तिचं रक्त जुळलं नाही. जुळलं ते विट्याकडच्या थोरल्या नणंदेचं, राहीबाईचं.

वेल्लोरला नव्या किडनीच्या पेशंटला वेगळ्या खोलीत ठेवत. विजयमाला स्वतः नर्स, म्हणून तिला तोंडाला फडकं बांधून आत घेतलं. दर तासाला लघवी मोजायची, ताप बघायचा, टाक्यांवर नजर ठेवायची. तिसऱ्या दिवशी हंबीरराव नीट शुद्धीवर आले. कपाळावरचा तिचा हात बाजूला करून त्यांनी विचारलं, "आक्का कशी हाय?"

"बऱ्या आहेत," ती म्हणाली. राहीबाई खालच्या मजल्यावर होती. विजयमाला तिला बघायला गेलीच नव्हती.

वेल्लोरहून परतल्यावर हंबीररावांच्या गावी देवळापुढे राहीबाईचा सत्कार झाला. नारळ, लुगडं, हार. "बहीण असावी तर अशी," सरपंच म्हणाले. विजयमाला बायकांत मागे बसून हंबीररावांच्या गोळ्यांची वेळ बघत होती. तिचं नाव कुणी घेतलं नाही. घ्यावं तरी कशासाठी, असं तिने स्वतःला समजावलं, पण ते गळ्याखाली उतरलं नाही.

त्यानंतर हंबीरराव उजव्या ओटीपोटावर पंजा ठेवून झोपू लागले. आक्काची किडनी तिथे बसवली होती. एकदा विजयमालेने आपला हात तिथे ठेवला.

"तिथं नको गं," ते पुटपुटले आणि तिचा हात उचलून गादीवर ठेवला. पंधरा वर्षांच्या संसारात या देहाची जागा न जागा तिची होती. आता तिथे एक चार बोटांची जागा नणंदेची झाली होती.

सत्त्याहत्तरच्या थंडीत हंबीररावांचं वजन दोन दिवसांत दीड किलोने वाढलं. लघवी घटली, अंग कढत लागू लागलं. विजयमालेने ओळखलं आणि त्याच दिवशी त्यांना मिरजेला नेलं. आठवडाभर औषधं झाली. मग डॉक्टरांनी तिला बाजूला बोलावलं.

"सिस्टर, तुम्हाला वेगळं काय सांगू? शरीर ती किडनी स्वीकारत नाहीये."

त्या क्षणी तिच्या छातीत काहीतरी सैल झालं. बरं वाटलं तिला. एवढंसं, डोळ्याचं पातं लवेपर्यंतच, पण वाटलं. पाठोपाठ तिने भिंतीला हात टेकला.

बाहेर बाकावर राहीबाई बसली होती. ती धडपडत उठली. "इजयमाला, काय म्हनत्यात? माज्यात काय खोट व्हती का गं?"

उत्तर विजयमालेला ठाऊक होतं. "मला काय विचारता? डॉक्टरांना विचारा," ती म्हणाली आणि वॉर्डात निघून गेली.

मिरजेला नेल्यापासून सतराव्या दिवशी हंबीरराव गेले.

दीड महिन्याने विजयमाला एस्टीने विट्याला उतरून राहीबाईच्या गावी गेली. राहीबाई अंगणात मिरच्यांचे देठ खुडत होती. अंगाने निम्मी झाली होती.

"किडकी व्हती म्हनत्यात बाया," विजयमाला टेकायच्या आतच ती म्हणाली. "पानवठ्यावर तोंडावर म्हनत्यात. भावाला नासकं दिलं म्हनं."

"खोटं आहे ते. तुमची किडनी चांगली होती, वन्सं. त्यांच्या अंगाने ती परकी मानली. त्या दिवशी मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

राहीबाईच्या हातातली मिरची तशीच राहिली. "का गं?"

"तुमचा राग यायचा. लय राग यायचा मला तुमचा."

राहीबाईने हातातल्या मिरचीचा देठ खुडला. मग म्हणाली, "मलाबी कळायचं त्ये. चटणी मी मुद्दाम वाढायची." ती उठायला गेली आणि कूस दाबून पुन्हा खाली बसली.

"दुखतं?"

"वाकलं की चमक मारती. किडनी घेताना बरगडी काढल्याली न्हवं."

"कुणाला दाखवलं?"

"माज्याकडं कोन बघतंय?"

विजयमालेने तिला घरात नेऊन चोळी वर करायला लावली. पाठीपासून पोटापर्यंत वण गेला होता, वेडावाकडा, मधेच खोलगट. तिने तो बोटांनी चाचपला. मग पिशवीतून दवाखान्यातलं बी.पी.चं यंत्र काढलं.

"माजं कशाला तपासतीस?"

"एकाच किडनीवर आहात तुम्ही. कुणीतरी बघायला पाहिजे."

तिने नणंदेच्या बांगड्या खाली सारल्या, उन्हाने रापलेल्या दंडावर पट्टा गुंडाळला.

"आता बोलू नका," ती म्हणाली. तिने फुगा दाबून पारा वर चढवला आणि हवा सोडली. पारा सावकाश खाली येऊ लागला.