बेहेरेबाबूंचं नाक

नारायणराव बेहेरे स्वतः दारू पीत नसत, पण कलकत्त्यात विलायती वाइनचा भाव त्यांच्या नाकावर ठरत असे. वडील पोस्टातल्या नोकरीपायी इकडे आले आणि इकडचेच झाले; नारायणराव इथल्याच भवानीपुरात जन्मले. विसाव्या वर्षी ते एका इंग्रज वाइनवाल्याच्या गोदामात कारकून म्हणून लागले. साहेबानं त्यांचं नाक हेरलं आणि धंदा शिकवला. पेला हुंगायचा, घोट तोंडात घोळवून थुंकायचा आणि माल काय लायकीचा आहे ते सांगायचं. स्वातंत्र्यानंतर साहेब मायदेशी गेला, तेव्हा श्यामसुंदर मल्लिकांनी त्यांना आपल्या लिलावघरात घेतलं. परतणारे इंग्रज तिथे पियानो, कपाटं आणि तळघरातल्या बाटल्या विकून जात.

अठ्ठेचाळीसच्या थंडीत नारायणरावांना इन्फ्लुएन्झा झाला. ताप उतरला, पण गेलेला वास परत आला नाही. उदबत्ती नाही, फोडणी नाही, काहीच नाही. जिभेला आंबट-गोड कळे, तेवढंच. ही गोष्ट त्यांनी बायकोला, कालिंदीबाईंना, आणि मुलीला सांगितली, तिसऱ्या कुणाला नाही.

मुलगी नलिनी तेव्हा सतरा वर्षांची होती. नारायणराव नमुन्याची वाइन औषधाच्या बाटलीतून घरी आणू लागले. कालिंदीबाई ती बाटली स्वयंपाकघरात येऊ देत नसत, म्हणून बापलेक गॅलरीत बसत. नलिनी हुंगून सांगायची, पिकलेलं जांभूळ, पेन्सिलीचा भुसा, ओलं गोणपाट. नारायणराव आठवणीनं त्याचा अर्थ लावत आणि दुसऱ्या दिवशी लिलावघरात इंग्रजीतून ऐटीत सांगत. सहा महिन्यांत मुलीला अर्थही लावता येऊ लागला. वर्षभरात ती भावही सांगू लागली, आणि तिचा भाव चुकत नसे. लोक म्हणत, बेहेरेबाबूंचं नाक वयाबरोबर तल्लख होत चाललंय.

एकावन्नच्या डिसेंबरात मल्लिकांकडे अठ्ठेचाळीस बाटल्या आल्या. फ्रान्सची, कॅबर्ने द्राक्षाची, बावीस वर्षांची वाइन. कुठल्याशा ज्यूट मिलच्या मॅनेजरनं विकलेली. मल्लिक एका बाटलीचे दीडशे रुपये मागत होते. गिऱ्हाईक होते जयप्रकाश नावाचे ज्यूटचे व्यापारी. त्यांची अट एकच होती. रविवारी मल्लिकांच्या बंगल्यावर, त्यांच्या डोळ्यांदेखत बाटली उघडायची आणि बेहेरेबाबूंनी तिथल्या तिथे सांगायचं की ही दीडशेची आहे की नाही. आदल्या दिवशी मल्लिकांनी नारायणरावांना बाजूला घेऊन सांगितलं की हा माल खपला नाही तर लिलावघराला वाइनचं खातं ठेवणं परवडणार नाही.

नमुना घरी नेण्याची सोय नव्हती. नारायणरावांनी मुलीलाच बरोबर नेलं. तिला मोठ्या लोकांचा बंगला पाहायची हौस आहे, असं त्यांनी मल्लिकांना सांगितलं. पेला ते कौतुकानं मुलीच्या नाकाशी धरणार होते आणि ती काय ते मराठीत बोलणार होती. त्या घरात मराठी कोणाला कळणार?

बंगल्यावर सात-आठ माणसं जमली होती. बाटलीचं बूच निघालं. नारायणरावांनी पेला फिरवला, नाकाशी नेला, डोळे मिटले. मग हसून तो नलिनीपुढे धरला. तिनं हुंगलं. तिचा चेहरा बदलला नाही.

"बाबा, ही मेलीये," ती घरगुती सुरात म्हणाली. "करपलेल्या गुळाचा वास येतोय. उन्हाळ्यात कुठेतरी शिजलीये. पाच रुपयेसुद्धा जास्त होतील."

नारायणरावांनी मान डोलावली आणि ते इंग्रजीत काही बोलणार, तोच जयप्रकाश खुर्चीत पुढे झुकले.

"मी अकोल्याला बारा वर्षं होतो, बेहेरेसाहेब," ते स्वच्छ मराठीत म्हणाले. "कापसाच्या धंद्यात."

मग त्यांनी मुलीचं म्हणणं हिंदीत सगळ्यांना सांगितलं. मल्लिकांचा चेहरा उतरला. जयप्रकाशांना मजा वाटू लागली होती. मुलगी इतकी जाणकार असेल तर नुसतं हुंगून कसं चालेल, तिनं घोटही घ्यावा, असं ते म्हणाले. नलिनीनं बापाकडे पाहिलं. एक पाहुणा खुर्ची सरकवून नीट बघायला बसला. मल्लिक नारायणरावांवर नजर रोखून होते.

"घे," नारायणराव म्हणाले.

तिनं घोट घेतला. थुंकायला भांडं कोणी पुढे केलं नाही, म्हणून तिनं तो गिळला. डोळ्यांत पाणी आलं. पदरानं तोंड पुसून तिनं तेच पुन्हा सांगितलं, या वेळी सगळ्यांना कळावं म्हणून बंगालीत. वाइन मेली आहे.

खोलीत सगळे आता नारायणरावांकडे पाहत होते. पोरगी खरं बोलतेय याबद्दल त्यांच्या मनात तीळभर शंका नव्हती. तीन वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. पण मल्लिकांची नजर हलत नव्हती, आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी दुसरं कोण आपल्याला दारात उभं करणार, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता.

"पोर आहे," ते हिंदीत म्हणाले. "तिला यातलं काय कळतं? चार शब्द ऐकून बोलते. लाडानं शेफारलीय, चूक माझी आहे. वाइन पहिल्या दर्जाची आहे, शेठ. दीडशेला स्वस्त."

नलिनीनं पेला टेबलावर ठेवला.

मग जयप्रकाशांनी अगदी आदरानं एक विनंती केली. बेहेरेसाहेबांनी डोळे मिटून आणखी एकदा हुंगावं आणि त्यांना, एका अडाणी माणसाला, एकेक वास समजावून सांगावा. चाखायचं नाही, पेल्याला हात लावायचा नाही. नारायणरावांनी डोळे मिटले. कुजबुज ऐकू आली, बेअररची पावलं गेली आणि आली. नाकाखाली काचेचा गार काठ टेकला.

नलिनी दोन हातांच्या अंतरावर बसली होती. काही गडबड असेल तर ती खाकरेल, खुर्ची सरकवेल, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. ते थांबले. कान देऊन थांबले. काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा त्यांनी खोल श्वास घेतला.

"पिकलेलं जांभूळ," ते म्हणाले. "मागाहून देवदाराचं लाकूड. आणि पेन्सिलीचा भुसा. उंची कॅबर्नेची हीच खूण."

आधी कोणीतरी फसकन हसलं, मग सगळीच खोली हसली. नारायणरावांनी डोळे उघडले. बेअररच्या हातातल्या पेल्यात रॉकेल होतं. त्याचा वास बाकीच्यांना केव्हाच आला होता. बायकांनी नाकाला रुमाल लावले होते. एकटे मल्लिक हसत नव्हते. त्यांनी उठून नारायणरावांचा कोट खुंटीवरून काढला आणि त्यांच्या हातात दिला.

ट्राममध्ये बापलेक शेजारी बसले. एल्गिन रोडचा थांबा मागे पडला, तेव्हा नारायणरावांनी विचारलं, "तुला वास आला होता?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मला गिळायला लावलंत," नलिनी म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

जयप्रकाशांनी माल घेतला नाही. पण आठवड्याभरात मल्लिकांचा माणूस घरी आला. निरोप नलिनीसाठी होता. कालिंदीबाईंनी आकांत केला, मुलीचं लग्न कसं होणार म्हणून डोकं आपटलं. नलिनीनं पगार विचारला. बापाला मिळत होता त्याहून वीस रुपये कमी होता. तिनं तो कबूल केला आणि सोमवारी ती बापाच्या खुर्चीवर जाऊन बसली.

ओळखीच्या मराठी घरांतून बेहेऱ्यांना बोलावणी येईनाशी झाली. तिला पाहायला येणारं एक स्थळ जिन्यावरूनच परत फिरलं.

नारायणराव दिवसभर गॅलरीत बसत. संध्याकाळी ती आली की तिच्यामागे खोलीत जात आणि विचारत, आज काय आलं होतं, कुठली होती, वास कसा होता. नलिनी चपला काढत आकडा सांगायची. पंचेचाळीस. ऐंशी. एकशेवीस. वास कसा होता ते तिनं त्यांना पुन्हा कधीच सांगितलं नाही.